डबीची पुढची बाजू, मागची बाजू

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. मला दिलेला विषय होता 'दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र'. आदल्या दिवशीच मी सर्वांना सांगून ठेवले होते, की घरात जी काही क्रीम, मलमे, साबण, फेसवॉश असतील त्यांच्या डब्या, नळ्या, खोकी उद्या बरोबर आणा. दुसऱ्या दिवशी टेबलावर तिसाच्या वर वस्तू जमल्या. मी म्हटले, "आता प्रत्येकाने आपल्या हातातल्या खोक्यावरचा मजकूर मोठ्याने वाचायचा."

वाचन सुरू झाले. केशर आले, चंदन आले, कोरफड आली. एका डबीत मोत्यांचे भस्म होते, एकीत सोने. 'सात दिवसांत', 'खोलवर पोषण', 'शंभर टक्के नैसर्गिक' हे शब्द तर जवळजवळ प्रत्येकाच्या वाचनात आले. सर्वांनी पुढची बाजू वाचली. मागची बाजू कोणीच वाचली नाही. कारण विचारले तेव्हा एक ज्येष्ठ सर म्हणाले, "मॅडम, मागचं वाचायला भिंग लागतं. आणि भिंगानं वाचलं तरी कळत नाही."

त्यांची तक्रार रास्त होती. प्रत्येक डबीवर दोन वेगवेगळे मजकूर असतात. पुढचा जाहिरात लिहिणाऱ्याने लिहिलेला असतो, मागचा कायद्याने लिहायला लावलेला असतो. पुढचा कळतो, पण त्यावर विश्वास ठेवता येत नाही. मागच्यावर बऱ्याच अंशी विश्वास ठेवता येतो, पण तो कळत नाही. आपण एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतो तसे या दोन्ही मजकुरांचे परीक्षण करावे, असा या लेखाचा उद्देश आहे. त्यांच्यासोबत अलीकडे एक तिसरा मजकूरही तयार झाला आहे. तो म्हणजे 'रसायनमुक्त' म्हणवणाऱ्यांचा. त्याचीही झडती घ्यायला हवी.

मागच्या बाजूचे वाचन

भारतातील नियमानुसार, ज्या घटकांचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे ते उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. एवढा एक नियम माहीत असला तरी यादी बरेच काही बोलू लागते.

शिबिरातील एका साध्या क्रीमची यादी अशी होती : पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, लिक्विड पॅराफिन, सेटिल अल्कोहोल, ग्लिसरिल मोनोस्टिअरेट, फिनॉक्सीइथेनॉल, पर्फ्यूम, केशराचा अर्क. नऊ नावे. ही ओळीने पाहू.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाएवढी. विटा रचून मध्ये चुना भरावा तशा या चपट्या पेशी आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ यांची ही भिंत असते. शरीरातले पाणी आत राखणे आणि बाहेरच्या वस्तूंना बाहेर ठेवणे हे तिचे काम. थंडीच्या कोरड्या हवेत भिंतीतले पाणी कमी झाले, की हातपाय उलतात, ओठ फुटतात. क्रीमचे मुख्य काम हे पाणी टिकवणे, एवढेच आहे.

ग्लिसरीनच्या लहानशा रेणूवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. ते पाण्याला धरून ठेवतात. लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल. ते वरून पातळ पापुद्रा धरते आणि बाष्पीभवन रोखते. त्याचे घट्ट भावंड म्हणजे पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने तिचे पेटंट १८७२ साली घेतले, आणि बाष्पीभवन रोखण्यात तिची बरोबरी करणारे पदार्थ आजही थोडेच आहेत. कोकणात पायाच्या भेगांना कोकमचे तेल लावतात. खोलीच्या तापमानाला घट्ट असलेले हे तेल अंगाच्या उबेने मऊ होते आणि तेच काम करते. त्यातील एक प्रमुख मेदाम्ल कोणते? स्टिअरिक आम्ल. म्हणजे यादीतले तिसरे, परके वाटणारे नाव आजीच्या फडताळातले निघाले.

सेटिल अल्कोहोल हे नाव वाचून एका शिक्षिकेने विचारले, "यात दारू आहे?" नाही. सोळा कार्बन अणूंच्या साखळीला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला हा मेणासारखा पांढरा घन पदार्थ आहे. शेव्हरल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८१७ साली तो देवमाशाच्या मेणापासून मिळवला. अल्कोहोल हे एका कुळाचे नाव आहे, एका पदार्थाचे नव्हे, हे आपण कार्बनी संयुगांच्या पाठात शिकवतो. पण डबी हातात आली, की ते आपल्यालाही आठवत नाही. ग्लिसरिल मोनोस्टिअरेट हा पायसीकारक. त्याचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेते, म्हणून तेल आणि पाणी वेगळे होत नाही.

आता फिनॉक्सीइथेनॉल. हा परिरक्षक आहे आणि युरोपीय नियमांप्रमाणे त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. इथेच यादीची किल्ली आहे. ही मर्यादा पाळली असेल, तर त्याच्यानंतर आलेली कोणतीही वस्तू एक टक्क्याहून जास्त असू शकत नाही. या डबीत केशराचा अर्क त्याच्याही नंतर, अगदी शेवटी होता. पन्नास ग्रॅमच्या डबीत एक टक्का म्हणजे अर्धा ग्रॅम. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात किती, हे यादी सांगत नाही. पुढच्या बाजूवर मात्र केशराच्या काड्यांचे चित्र निम्म्या खोक्यावर होते.

मागच्या बाजूचे गुणगान इथे थांबवून तिचे दोष सांगितले पाहिजेत. पहिला दोष अक्षरांच्या आकाराचा. दुसरा 'पर्फ्यूम' या शब्दाचा. या एका शब्दामागे डझनावारी सुगंधी संयुगे असू शकतात, आणि सौंदर्यप्रसाधनांची ॲलर्जी होण्याच्या कारणांत सुगंधी द्रव्ये अग्रभागी आहेत. युरोपमध्ये त्यांतील २६ द्रव्यांची नावे ठरावीक प्रमाणापलीकडे वेगळी छापणे आधीपासून सक्तीचे होते. २०२३ मध्ये ही यादी वाढवून ऐंशीच्या पुढे नेण्यात आली. तिसरा दोष आपल्याकडे अधिक गंभीर आहे. ३० ग्रॅमपेक्षा लहान क्रीमला घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. म्हणजे पाच-दहा रुपयांची पुडी घेणाऱ्या मुलीला मागची बाजू वाचायला मिळेलच असे नाही.

पुढच्या बाजूची भाषा

पुढच्या मजकुरातील क्रियापदांकडे लक्ष द्या. 'त्वचा उजळ दिसते', 'सुरकुत्या कमी झाल्यासारख्या वाटतात', 'निखार येण्यास मदत होते'. 'होते' असे कोणी लिहीत नाही, 'दिसते' असे लिहितात. याचे कारण कायद्यात आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी, सौंदर्य वा आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्याचा दावा केला, की ती औषधाच्या प्रांतात जाते आणि मग पुरावे द्यावे लागतात. म्हणून जाहिरातीची भाषा कुंपणावर बसते. ऐकणाऱ्याला औषधाचा भास व्हावा, पण न्यायालयात मात्र 'आम्ही तसे म्हटलेच नाही' असे सांगता यावे.

कोलॅजेनचे उदाहरण घ्या. त्वचेला ताठरपणा देणारे हे प्रथिन वयानुसार कमी होते, हे खरे. म्हणून 'कोलॅजेनयुक्त' क्रीम लावले की ते भरून निघेल, असे खोक्यावरचे चित्र सुचवते. आता संख्या पाहा. साधारणतः ५०० हून अधिक रेणुभाराचे रेणू अखंड त्वचेतून आत जाणे अवघड असते. कोलॅजेनचा रेणुभार सुमारे तीन लाख आहे. तो भिंतीवरच बसून राहतो आणि थोडे पाणी धरून ठेवतो. त्वचा मऊ लागते, पण ते काम ग्लिसरीन फार स्वस्तात करते.

गोरेपणाच्या क्रीमची कथा याहून गुंतागुंतीची आहे. भारतात १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'चा मुख्य घटक होता नायसिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. त्याला निरुपयोगी म्हणणे चूक ठरेल. त्वचेतील रंगपेशी मेलॅनिनच्या पुड्या तयार करून शेजारच्या पेशींना देतात. ही देवाणघेवाण नायसिनामाइड काही प्रमाणात मंदावते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण परिणाम माफक असतो आणि वापर थांबवला की ओसरतो. शिवाय गोऱ्या आणि सावळ्या माणसांत रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या पुड्यांचा आकार, संख्या आणि प्रकार यांत, आणि तो मुख्यतः आनुवंशिक असतो. ते मेलॅनिन अतिनील किरण शोषून पेशींतील डीएनएचे रक्षण करते. म्हणजे ज्याला डबी दोष म्हणते ती त्वचेची स्वतःची छत्री आहे.

सावळी व्यक्ती नोकरीत, लग्नात कमी पडते असे जाहिरातींत दाखवू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात क्षेत्रातील स्वयंनियमन संस्थेने २०१४ मध्ये दिली. २०२० मध्ये वरील क्रीमचे नावही 'ग्लो अँड लव्हली' असे बदलले. हे बदल स्वागतार्ह आहेत. पण 'गोरेपणा' जाऊन 'तेज' आले, 'तेज' जाऊन 'निखार' आला, तरी नववीतल्या सावळ्या मुलीला त्या शब्दाचा अर्थ बरोबर कळतो. कारण तो तिला घरात, लग्नसमारंभात, आणि क्वचित शिक्षकांच्या खोलीतही ऐकवला जातो.

याउलट, ज्या घटकांचा उपयोग नक्की सिद्ध झाला आहे त्यांच्याविषयी पुढची बाजू नीट सांगत नाही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांसारखे घटक अतिनील किरण अडवतात. सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा म्हणजे साधा भागाकार आहे. ३० म्हणजे त्वचा भाजवणाऱ्या किरणांचा तिसावा भाग आत येतो, म्हणजे सुमारे ९७ टक्के अडतात. ५० म्हणजे ९८ टक्के. आकड्यात वीसचा फरक, संरक्षणात एका टक्क्याचा. हे गणित सातवीतला मुलगाही करील. शिवाय हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम असा जाड थर लावून मोजतात. आपण लावतो तो थर बहुधा याच्या निम्माही नसतो.

तिसरा मजकूर : 'रसायनमुक्त'

फसवणुकीला उत्तर म्हणून लोक दुसऱ्या टोकाला गेले. 'ज्याचे नाव उच्चारता येत नाही ते तोंडाला लावू नका', असा सल्ला सुशिक्षित मंडळीही देतात. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो, पण लांब नाव आणि धोका यांचा काही संबंध नाही. पारा हा शब्द दोन अक्षरांचा आहे.

पॅराबेन या परिरक्षकांचे काय झाले ते पाहू. हे १९२०च्या दशकापासून वापरात आहेत. २००४ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींची तपासणी झाली आणि त्यांत पॅराबेन सापडले. निरोगी ऊतींशी तुलना त्या अभ्यासात नव्हती. पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा निष्कर्षही त्यात काढलेला नव्हता. पण बातमी तशी पसरली आणि 'पॅराबेनमुक्त' हा शब्द खोक्यांवर झळकू लागला. युरोपने २०१४ मध्ये अधिक सावध पाऊल उचलले. पुरेशी माहिती नसलेल्या पाच पॅराबेनांवर बंदी घातली, प्रोपिल आणि ब्युटिल या दोघांची मर्यादा एकत्रित ०.१४ टक्क्यांवर आणली, आणि मिथाइल व इथाइल पॅराबेन ०.४ टक्क्यांपर्यंत चालू ठेवले.

बाजार मात्र एवढे थांबला नाही. पॅराबेन काढले, तर त्याच्या जागी काहीतरी हवेच. अनेकांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन वापरले. परिणाम असा, की त्वचारोगतज्ज्ञांकडे ॲलर्जीचे रुग्ण झपाट्याने वाढले. अमेरिकेतील संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साठी 'वर्षाचा ॲलर्जीकारक' म्हणून याच पदार्थाची निवड केली. युरोपमध्ये २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत त्याला बंदी आहे. संशयित म्हणून एकाला घालवले आणि त्याच्या जागी खरोखरच त्रास देणारा आणून बसवला.

परिरक्षक मुळात हवाच कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. लोणच्याला ओला हात लागू द्यायचा नाही, हे प्रत्येक घरात माहीत असते. पाणी गेले की बुरशी आली. कोकमच्या तेलात पाणी नाही, म्हणून त्याला परिरक्षक लागत नाही. क्रीममध्ये मात्र निम्म्याहून अधिक पाणी असू शकते, आणि आपण रोज त्यात बोट घालतो. परिरक्षकाशिवाय ते जंतूंची उत्तम शेती होईल.

'नैसर्गिक' या शब्दालाही हीच कसोटी लावावी. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, त्वचेच्या पृष्ठभागाचा साधारण पाच. शिवाय लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकुमारिन गटाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येऊन पुढे काळे डाग राहू शकतात. उजळण्यासाठी लावले आणि डाग पडले.

जे कोणत्याच मजकुरात नाही

शिबिर संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. टेबलावरची एक छोटी नळी त्यांची होती. दहावीतली मुलगी आठ महिने ती रोज लावत होती. आधी चेहरा छान उजळला. आता गाल लाल राहतात, उन्हात आग होते, आणि लावणे थांबवले की आणखी वाढते. नळी औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय मिळाली होती. मी मागची बाजू भिंगाखाली धरली. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. ते सौंदर्यप्रसाधन नव्हतेच. ते स्टेरॉइडयुक्त औषध होते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असे त्यावर लाल चौकटीत छापलेले होते. बाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्या म्हणाल्या, "मी रोज बघत होते हो तिला लावताना. चांगलंच चाललंय असं वाटलं." मी त्यांना एवढेच सांगितले, की आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना आजच दाखवा.

स्टेरॉइड मलमे योग्य आजारात, योग्य मुदतीसाठी उत्तम औषधे आहेत. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ व लव वाढते, आणि सोडू म्हटले तर चेहरा भडकतो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांची बाह्य वापराची औषधे चिठ्ठीच्या सक्तीखाली आणली. सक्ती कागदावर आहे, नळी मात्र मुलीच्या दप्तरात पोचली.

पाऱ्याची गोष्ट याहून भयंकर आहे. पाऱ्याचे क्षार मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराचे काम रोखतात, म्हणून रंग खरोखर उजळतो. पण पारा त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील २२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या गाळणीत बिघाड होऊन लघवीतून प्रथिने जाणे, हा त्यांचा आजार. त्यांपैकी १५ जणांत या आजाराचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला.

आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये अनवधानाने आलेला पाराही दशलक्षात एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये ही सवलतही काढून २०२५ पासून पारा घातलेली सर्वच प्रसाधने बंद करण्याचे ठरवले. पण चोरट्या मार्गाने विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या डबीवर 'पारा' असे कोण छापणार? अनेकदा तिच्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, गट क्रमांक, यांपैकी काहीच नसते. अशी कोरी पाठ हीच धोक्याची पहिली खूण समजावी. आठवडाभरात ठळक फरक दिसला, तर तीच दुसरी खूण. जे प्रामाणिक आहे ते इतक्या झपाट्याने काम करीत नाही.

म्हणून 'रसायनमुक्त'वाल्यांवर माझा मुख्य आक्षेप असा आहे, की त्यांनी लोकांची भीती चुकीच्या ठिकाणी खर्च करवली. सेटिल अल्कोहोलला घाबरणारे घर स्टेरॉइडची नळी निर्धास्तपणे वापरते.

वर्गात काय करता येईल

कार्बनी संयुगांचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना रिकामी खोकी आणायला सांगावीत. यादीतील अल्कोहोल, आम्ल, एस्टर ओळखावेत. फिनॉक्सीइथेनॉलखाली रेघ मारून रेघेखाली काय आहे आणि पुढच्या चित्रात काय आहे, याची तुलना करावी. बटाट्याच्या दोन सारख्या फोडी घेऊन एकीला सर्व बाजूंनी पेट्रोलियम जेली लावावी, आणि दोन्हींची वजने आज आणि उद्या घ्यावीत. हळदीच्या कागदावर अंगाच्या साबणाचे पाणी टाकले की तो लाल होतो. फेसवॉशने होतो का, ते मुलांनी पाहावे.

मुलांना कोणाकडे काय आहे हे मात्र सर्वांसमोर विचारू नये. खोकी एका टोपलीत, नाव न लिहिता जमा करावीत. कोणत्या मुलीच्या घरात कोणती डबी आहे, हा वर्गात चर्चेचा विषय होता कामा नये. टोपलीत लाल चौकटीची किंवा कोऱ्या पाठीची एखादी डबी निघाली, तर ती काय आहे हे सर्वांना सारखेच समजावून सांगावे, आणि तास संपल्यावर आपण थोडा वेळ वर्गातच थांबावे. कोणीतरी मागे राहण्याची शक्यता असते.